प्रोसेसर आणि कूलर घासून सपाट करताना

प्रोसेसरवरचा हीट स्प्रेडर (चिपवरचं धातूचं झाकण) आणि कूलरचा तळ, दोन्ही नुसत्या डोळ्यांना सपाटच दिसतात. स्टीलच्या पट्टीची धार त्यांवर आडवी टेकवून उजेडासमोर धरली की खरं काय ते कळतं. मधे उजेडाची बारीक रेघ दिसते, नाहीतर पट्टी मधल्या उंचवट्यावर डुगडुगते. ही फट जेमतेम केसाएवढी जाड असली तरी तिथे तांब्याऐवजी थर्मल पेस्ट (फटी भरायचं उष्णतावाहक मलम) भरलेली असते, आणि उष्णता वाहून नेण्यात पेस्ट तांब्याच्या जवळपासही पोचत नाही. लॅपिंग, म्हणजे हे दोन्ही पृष्ठभाग काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर घासून सपाट करणं, एवढ्या एका फटीसाठी असतं. चकाकी आणण्याशी त्याचा संबंध नाही. हा फरक डोक्यात पक्का असेल तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

थोडा हिशेब करू. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर केल्व्हिन, निकेलची ९०च्या आसपास, आणि स्थिर हवेची जेमतेम ०.०२६. पेस्टच्या पाकिटावर मोठमोठे आकडे छापलेले असतात, पण हिशेबाला ५ धरलेले बरे. समजा प्रोसेसर १५० वॅट खातोय आणि ही उष्णता मुख्यतः २० बाय २० मिलिमीटरच्या भागातून वर येतेय. या भागात पेस्टचा थर ०.१ मिलिमीटर जाड असेल, तर फक्त त्या थरात साडेसात अंश खर्ची पडतात. थर ०.०५ मिलिमीटरवर आणला तर पावणेचार, आणि ०.०२५ वर आणला तर दोनहून थोडे कमी.

आता हाच हिशेब स्प्रेडरच्या तांब्यावर असलेल्या निकेलच्या मुलाम्याला लावून पाहा. पाच मायक्रॉनच्या निकेलमुळे पडणारा फरक ०.०२ अंश. ‘निकेल काढून तांबं उघडं केलं म्हणून तापमान उतरलं’ असं पुष्कळदा वाचायला मिळतं, पण ते श्रेय निकेलचं नाही, सपाटीचं आहे. स्प्रेडर पातळ झाल्याचा फायदाही तसाच. ०.१ मिलिमीटर तांबं घासून काढलं तर मिळतो अंशाचा जेमतेम दहावा भाग, म्हणजे कोणत्याही सेन्सरला दिसणार नाही इतका.

याचा दुसरा अर्थ असा की ज्याचे पृष्ठभाग मुळातच नीट जुळतात त्याला घासून काहीच मिळणार नाही. म्हणून आधी तपासायचं आणि मगच पेपर हातात घ्यायचा.

आधी ठसा घ्या

पट्टीची चाचणी उपयोगी आहे, पण ती सुटा प्रोसेसर आणि सुटा कूलर दाखवते. प्रत्यक्षात सॉकेटचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या खोबणीचं, लॉक प्रोसेसरला दाबतं आणि कूलरचे स्क्रू तळाला ओढतात, त्यामुळे बसवल्यावर आकार बदलतो. खरा निकाल देतो तो पेस्टचा ठसा. स्प्रेडरवर पेस्टचा अगदी पातळ, सारखा थर पसरा, कूलर नेहमीसारखा पूर्ण स्क्रू आवळून बसवा, पाचेक मिनिटं थांबा, आणि हलकेच पिळा देऊन काढा. जिथे पेस्ट जवळजवळ पारदर्शक झाली आहे तिथे धातूला धातू भिडलाय. जिथे जाड, अपारदर्शक पट्टा उरला आहे तिथे फट आहे. हा जाड पट्टा कडेला असेल आणि मधला भाग स्वच्छ असेल, तर काम थांबवा, कारण उष्णता मधूनच येते आणि तिथे तुमचं जुळलेलंच आहे. मधे जाड आणि कडेला पातळ, हे घासण्याचं खरं कारण.

जोडी कशी आहे तेही इथेच कळतं. अनेक कूलरांचा तळ मुद्दाम किंचित फुगीर केलेला असतो, कारण लॉकखाली दबलेला स्प्रेडर बहुधा खोलगट होतो आणि फुगवटा त्या खळग्यात बसतो. नॉक्टुआने २०२४ साली आणलेला एनएच-डी१५ जी२ तर वेगवेगळ्या फुगवट्याच्या तीन प्रकारांत मिळतो. अशा कूलरचा तळ घासून सपाट केला आणि प्रोसेसर खोलगटच ठेवला, तर चांगली जुळलेली जोडी तुम्ही आपल्या हाताने मोडता. उलट खोलगट स्प्रेडरवर खोलगट तळ आला, तर तिथे लॅपिंगचा सर्वांत जास्त फायदा दिसतो.

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचा वेगळा विचार करावा लागतो. २०२१ साली आलेल्या या सॉकेटसाठीचे प्रोसेसर लांबट आहेत आणि लॉक त्यांना लांब बाजूंच्या मध्यावर दाबतं. त्यामुळे प्रोसेसर वाकतो आणि मधला भाग खाली जातो. असा प्रोसेसर बाहेर काढून काचेवर कितीही सपाट केला, तरी परत लॉक लावल्यावर तो वाकणारच. इथे पहिला उपाय लॉकच्या जागी चारही बाजूंनी सारखा दाब देणारी कॉन्टॅक्ट फ्रेम बसवणं हा आहे. ती बसवून पुन्हा ठसा घ्या. बऱ्याच वेळा त्यानंतर घासायची गरजच उरत नाही.

स्प्रेडरच्या खाली काय आहे हेही माहीत हवं. चिप आणि स्प्रेडर यांच्यामध्ये सोल्डर असेल तर वरची फट हाच मोठा अडथळा असू शकतो. पण इंटेलने २०१२च्या आयव्ही ब्रिजपासून आठव्या पिढीपर्यंत आपल्या मुख्य डेस्कटॉप प्रोसेसरांत आत पेस्टच वापरली होती. तिथे अडथळा आतमध्ये आहे. वरून घासल्याने आतली पेस्ट सुधारत नाही.

ज्यांना हात लावायचा नाही

लॅपटॉपमधल्या आणि ग्राफिक्स कार्डावरच्या चिपा बहुधा उघड्या सिलिकॉनच्या असतात. खाली दिलेली पद्धत त्यांच्यासाठी नाही. व्हेपर चेंबरचा तळ असलेला कूलर घासू नये. त्याचा पत्रा पातळ असतो आणि आत निर्वात पोकळी असते. हीटपाइप, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पोकळ नळ्या, थेट प्रोसेसरला टेकणारे कूलर तर फार जपून. कारखान्यात नळ्या आधीच चपट्या करून घासलेल्या असतात, त्यामुळे भिंत किती उरली आहे ते बाहेरून कळत नाही. तिला सुईएवढं भोक पडलं तरी आतली पोकळी संपते आणि ती नळी नुसती तांब्याची काडी होऊन बसते. बाहेरून काहीच दिसत नाही, तापमान मात्र वाढतं. अशा कूलरवर ८०० नंबरपेक्षा खरखरीत पेपर लावू नका (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), आणि तोही कडा-खाचांचे उंचवटे काढण्यापुरता.

पाण्याच्या कूलरची तांब्याची प्लेटही पुष्कळदा मुद्दाम फुगीर असते. शिवाय पंपाला जोडलेल्या नळ्या घासताना एका बाजूला ओढतात आणि तळ तिरका घासला जातो. माझं मत स्पष्ट आहे: ठसा फारच वाईट नसेल तर तिला सोडून द्या.

एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरांच्या स्प्रेडरला कडेने खाचा आहेत आणि त्या खाचांत छोटे कपॅसिटर उघडे बसलेले असतात. घासताना निघणारा चिखल, म्हणजे पाणी आणि तांब्याची भुकटी, नेमका तिथे जाऊन बसतो, आणि तांब्याची भुकटी वीज वाहून नेते. खाचा कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या पातळ टेपने) व्यवस्थित बंद केल्याशिवाय तिथे सुरुवात करू नका.

वॉरंटी जाते, यात शंका ठेवू नका. स्प्रेडरवर लेझरने कोरलेलं मॉडेलचं नाव आणि बॅच नंबरही पहिल्या काही मिनिटांत पुसला जातो. आधी त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. पुढे प्रोसेसर विकायचा असेल तर घेणाऱ्याला तो कोणता आहे हे दाखवायला दुसरं काही हाताशी राहणार नाही.

सामान

सगळ्यांत महत्त्वाची वस्तू काच. आठ ते दहा मिलिमीटर जाडीची साधी काच, किमान २० बाय २५ सेंटिमीटर. पातळ काच हाताच्या दाबाने वाकते आणि तुम्ही तिचा बाक स्प्रेडरवर उतरवता. फरशीचा तुकडा, प्लायवूड, टेबलाचा माथा, यांतलं काही चालणार नाही. काच कडक, सपाट टेबलावर पातळ रबरी चटईवर ठेवा. खाली जाड टॉवेल घातला तर काच मधे दबते.

पेपर सिलिकॉन कार्बाइडचा, काळसर रंगाचा वॉटर पेपर. ४००, ६००, ८०० आणि १००० नंबर, प्रत्येकी दोन शीट. पेपरच्या पाठीमागे नंबराआधी ‘पी’ आहे का ते पाहा. ‘पी’ असलेले आणि नसलेले नंबर एकाच मापाचे नाहीत. बारीक पेपरात हा फरक मोठा होतो: ‘पी’ नसलेला ६०० हा साधारण पी १२०० इतका बारीक असतो. दोन्ही मिसळले तर मधली एखादी पायरी नकळत सुटते आणि मागच्या पेपरचे ओरखडे तसेच राहतात. सगळे एकाच पद्धतीचे घ्या.

बाकी सामान म्हणजे परमनंट मार्कर, चिकट टेप, कॅप्टॉन टेप, नायट्राइलचे हातमोजे, ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारा कपडा, व्हर्नियर कॅलिपर आणि भांडी धुण्याच्या साबणाचे काही थेंब टाकलेलं पाणी. हातमोजे सोडू नका. निकेलची बारीक भुकटी पुष्कळांच्या त्वचेला सोसत नाही. कोरडं घासायची वेळ आलीच तर तोंडाला मास्कही हवा.

पेपर काचेला चिकटवायला दुहेरी टेप किंवा फवाऱ्याचा गोंद वापरू नका. त्यांची जाडी सारखी नसते आणि पेपरखाली टेकाडं तयार होतात. काचेवर थोडं पाणी शिंपडून पेपर त्यावर पसरा, हाताने हवा काढा, आणि फक्त कडांना, घासण्याच्या जागेबाहेर, साधा टेप लावा.

घासणं

प्रोसेसरपासून सुरू करा. एलजीए प्रकारात खालच्या बाजूला सोनेरी बिंदू असतात. त्यांवर धागे न सोडणारा कागद ठेवून कडेने कॅप्टॉन टेप लावा. टेपचा गोंद थेट बिंदूंवर येऊ देऊ नका. एएम४ आणि त्याआधीच्या एएमडी प्रोसेसरांना खाली पिना असतात, एएम४ला तर १३३१. तो प्रोसेसर दाट अँटिस्टॅटिक फोममध्ये दाबून बसवा आणि फोमसकट धरा. पिना उघड्या ठेवून बोटांनी धरला, तर एखादी वाकल्याशिवाय राहणार नाही.

स्प्रेडर खालच्या सर्किट बोर्डाला गोंदाने चिकटवलेला असतो, पण बऱ्याच प्रोसेसरांत तो गोंद सलग नसतो. हवा जायला एखादी फट ठेवलेली असते आणि तिथून पाणी आत शिरू शकतं. म्हणून पेपरवर पाणी ओतायचं नाही. चार-पाच थेंब पुरतात. पेपर ओलसर राहायला हवा, त्यावर तळं नको. एएम५वर पाण्याऐवजी अल्कोहोलचे थेंब घ्या.

स्प्रेडरवर मार्करने जाळी काढा, उभ्या-आडव्या पाच-पाच रेघा. मग ४०० नंबरच्या पेपरवर स्प्रेडर पालथा ठेवून बोटं शक्य तितकी खाली, सर्किट बोर्डाच्या कडांवर ठेवा. वरून मधे बोट टेकवून ढकललं की पुढची कड पेपरात रुतते आणि कडांना गोलाई येते. ही लॅपिंगमधली सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे, आणि ती एकदा झाली की सगळा पृष्ठभाग पुन्हा खाली आणण्यावाचून उपाय नाही. दाब जवळपास नकोच. पेपर कापतो, हाताचा जोर कापत नाही. वीसेक वेळा सरळ रेषेत, शक्य असेल तर फक्त आपल्याकडे ओढत घासा. मग प्रोसेसर ९० अंशांत फिरवा, पुन्हा वीस. असे चारही बाजूंनी झालं की थांबा, पुसा आणि पाहा. आठच्या आकारात फिरवण्याची शिफारस अनेक जण करतात. सराव असेल तर तेही चालतं, पण नवख्या हाताने वळणावर दाब बदलतो. सरळ ओढणं आणि फिरवणं जास्त भरवशाचं.

आता पृष्ठभाग स्वतःच नकाशा दाखवेल. खोलगट स्प्रेडरवर रेघा आधी चार कोपऱ्यांवर आणि कडांवर पुसल्या जातात. तिथे तांब्याचा लालसर रंग दिसू लागतो आणि मधे चंदेरी निकेल शाबूत राहतं. प्रत्येक फेरीत हा चंदेरी भाग आकसत जातो. फुगीर असेल तर उलट, तांबं आधी मधे उघडं पडतं. एकाच बाजूला तांबं दिसत असेल तर मात्र हात तिरका चाललाय. कॅलिपरने चारही कोपऱ्यांची जाडी मोजा. दोन कोपऱ्यांत ०.०५ मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर जाड बाजूकडे हलका कल देऊन पाच-दहा ओढी घ्या आणि पुन्हा मोजा. कॅलिपरचे जबडे सर्किट बोर्डाच्या खालच्या बाजूला कपॅसिटरवर येणार नाहीत हे पाहा.

चंदेरी ठिपका पूर्ण जाईपर्यंत ४००चाच पेपर. सपाटी या एकाच पायरीत येते. पुढचे पेपर फक्त ओरखडे बारीक करतात, ते खळगा भरून काढत नाहीत. कंटाळून मधेच ६०० वर गेलात तर उरलेल्या ठिपक्याला तिथे चौपट वेळ द्यावा लागेल. पेपर बोथट झाल्याचं हाताला कळतं: खसखस थांबते आणि प्रोसेसर सटकायला लागतो. जागा बदला किंवा नवा पेपर घ्या.

पुढच्या नंबराकडे जाण्याआधी काच, हात आणि स्प्रेडर, सगळं स्वच्छ करा. ४००चा एक कण ८००च्या पेपरवर आला तर तो पृष्ठभागभर खोल रेघ ओढतो. प्रत्येक नव्या पेपरवर पुन्हा मार्करची जाळी काढा आणि मागच्या पेपरच्या दिशेला आडवं घासा. मागचे ओरखडे सगळे गेले की पायरी संपली.

१००० वर थांबा. २००० नंबर, मग धातूचं पॉलिश, मग आरशासारखं प्रतिबिंब, हा मोह आवरा. १००० नंबरचे ओरखडे पेस्टमधल्या कणांच्या मापाचेच असतात आणि पेस्ट ते सहज भरते. पॉलिशच्या मलमात मेण किंवा तेल असतं, ते ओरखड्यांत बसून राहतं. शिवाय मऊ कपड्याने पॉलिश केलं की कडा गोल होतात, म्हणजे इतक्या मेहनतीने आणलेली सपाटी पुन्हा जाते. प्रतिबिंब सरळ दिसतं का हे पाहायचं असेल तर १००० नंतर पृष्ठभाग डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरून खिडकीची चौकट पाहा. चौकटीची रेघ कडेजवळ वाकत असेल तर कडा गोल झाल्या आहेत.

कूलरची पद्धत हीच, पण त्याचा जड माथा वर असल्याने तो डोलतो. पंखे काढून ठेवा, हात तळाच्या ठोकळ्याजवळ धरा, फिनांना धरू नका, आणि वजन आपोआप पडू द्या. वरून दाबायची गरज नाही. तळावर फिरवलेल्या मशीनच्या गोल रेघा दिसत असतील तर त्या पूर्ण जाईपर्यंत थांबायचं कारण नाही. पट्टीखालचा उजेड गेला की पुरे.

धुणं, पेस्ट, मोजणी

अल्कोहोल लावलेल्या कपड्याने स्प्रेडर पुसत राहा, कपड्यावर काळसर डाग येणं थांबेपर्यंत. टेप काढल्यावर खालचे बिंदू आणि कपॅसिटरमधल्या फटी भिंगातून तपासा. तांब्याचा एक चमकता कणही तिथे नको. मऊ ब्रश आणि अल्कोहोल वापरा, मग तासभर वाळू द्या. उघडं तांबं लवकर काळवंडतं आणि बोटांचे ठसे धरतं, म्हणून वाळल्यावर लगेच पेस्ट लावून बसवून टाका. पेस्टखाली झाकलेलं तांबं हळूहळू थोडं काळं पडतं, त्याने काही बिघडत नाही.

पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रव धातू) लावायचा बेत असेल तर मात्र घासण्याआधी विचार करा. त्यातलं गॅलियम उघड्या तांब्यात मुरतं, थर कोरडा पडतो आणि काही महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो. निकेल त्याला बरंच अडवतं. अॅल्युमिनियमच्या जवळ तर गॅलियम नकोच, ते अॅल्युमिनियम ठिसूळ करून टाकतं.

फरक मोजताना आधी आणि नंतर सगळं सारखं ठेवा: तीच पेस्ट, पंख्यांचा ठरवलेला एकच वेग, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बांधलेली वॅटची मर्यादा. ही मर्यादा फार महत्त्वाची आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर ९५ अंशांना टेकेपर्यंत वेग वाढवत राहतात. मर्यादा बांधली नाही तर लॅपिंगनंतरही ९५ च दिसतील आणि फायदा मेगाहर्ट्झमध्ये गेलेला लक्षातही येणार नाही. प्राइम९५सारख्या चाचणी-सॉफ्टवेअरने एकसारखा भार अर्धा तास द्या आणि प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करून आकडा लिहा. कूलर काढून पुन्हा बसवला की एवढ्यानेच एक-दोन अंश इकडे-तिकडे होतात, म्हणून आधी आणि नंतर प्रत्येकी तीनदा बसवून सरासरी घ्या.

तापमान कमी होण्याऐवजी वाढलं, तर पुन्हा ठसा घ्या. मधे जाड पट्टा दिसला तर लॉक प्रोसेसरला वाकवतंय किंवा कूलरचे स्क्रू असमान आवळले आहेत. कडेने चौफेर जाड पट्टा आणि मधे छोटासा स्वच्छ गोल दिसला तर कडा गोल झाल्या आहेत. कूलर एका बाजूने लॉकच्या पट्टीवर टेकत असेल तर स्प्रेडर गरजेपेक्षा जास्त घासला गेलाय. पेपरवर परत जायचं ते फक्त गोल कडांसाठी, आणि पुन्हा ४०० पासूनच.

पुढे कधी कूलर काढायची वेळ आली तर एकदम वर ओढू नका. दोन सपाट पृष्ठभाग पातळ पेस्टने एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. पिनांचा प्रोसेसर तर लॉक लागलेलं असतानाही कूलरला चिकटून सॉकेटमधून उपसून येतो. आधी दहा मिनिटं भार देऊन पेस्ट गरम करा, मशीन बंद करा, स्क्रू सोडा, आणि कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा पिळत सैल झाल्यावरच उचला.